आरएफए : यकृतातली गाठ सुईने ‘जाळतात’ म्हणजे नेमकं काय करतात? कुणाचा अनुभव?

कृष्णाकाठची (धागाकर्ती)
नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलं तर सांभाळून घ्या.

माझे वडील, आम्ही आबा म्हणतो, वय ६६. गाव कराडजवळ. बोर्डात वायरमन होते. हिपॅटायटिस बी जुना आहे, त्यातून लिव्हर सिरॉसिस झाला. दारूचा थेंब आयुष्यात घेतलेला नाही. हे मुद्दाम लिहितेय, कारण सिरॉसिस म्हटलं की लोकांची नजर बदलते. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करतो. या वेळी लिव्हरच्या उजव्या बाजूला गाठ दिसली, मग सीटी झाला. एकच गाठ, २.४ सेंटिमीटर. कॅन्सरच आहे, सिरॉसिसवाल्या माणसात सीटीतलं असं चित्र पुरेसं असतं, बायोप्सी नको, असं डॉक्टर म्हणाले.

सर्जन, पोटाचे डॉक्टर आणि रेडिओलॉजिस्ट तिघांनी मिळून आरएफए, म्हणजे रेडिओफ्रीक्वेन्सी ॲब्लेशन, सुचवलंय. पोट उघडायचं नाही, बाहेरून सुई घालायची आणि करंटने गाठ जाळायची.

आबांनी तिथेच दोन प्रश्न विचारले. पहिला : “पाचट पेटवल्यागत करणार? मग शेजारच्या उसाचं काय?” दुसरा : “करंट सुईतनं आत जाणार. बाहेर कुठनं येणार? रिटर्न कुठाय?” ओपीडीत गर्दी होती. “काका, तुम्ही काळजी करू नका” एवढंच उत्तर मिळालं. आबा तेव्हापासून गप्प आहेत. चौतीस वर्षं खांबावर चढलेला माणूस आहे. सोबतचे दोघे करंट लागून गेलेले त्यांनी डोळ्यांनी पाहिलेत. रिटर्न कळल्याशिवाय सही करणार नाही म्हणतात, आणि मला ते चूक वाटत नाही.

कुणी हे करून घेतलंय का? कापून काढणं बरं की हे? आणि आबांच्या प्रश्नांची उत्तरं कुणाला माहीत असतील तर कृपया सविस्तर लिहा. मी त्यांना वाचून दाखवणार आहे.

सोनसावरी
काळजी घ्या ताई. वेळेत सापडलंय, हे फार मोठं आहे. सहा महिन्यांची सोनोग्राफी न चुकवल्याबद्दल तुमचं आणि आबांचं खरंच कौतुक.

तारायंत्र
आबांना माझा नमस्कार सांगा. मी हॉस्पिटलमधली यंत्रं दुरुस्त करतो, आरएफएचा जनरेटर उघडून पाहिलेला आहे. त्यांनी अगदी बरोबर जागी बोट ठेवलंय.

रिटर्न आहे. दोन्ही मांड्यांवर मोठे चिकट पॅड लावतात, बहुतेक वेळा एकूण चार. करंट सुईच्या टोकातून निघतो, शरीरातून जातो आणि पॅडमधून मशीनकडे परत येतो. सुईला टोकापर्यंत इन्सुलेशन असतं, फक्त शेवटचे दोन-तीन सेंटिमीटर उघडे. करंट दोन्हीकडे तेवढाच. पण टोकाशी तो चिमूटभर जागेत दाटतो आणि पॅडवर तळहाताहून मोठ्या जागेत पसरतो. म्हणून टोकाशी मांस शिजतं आणि मांडी नुसती कोमट होते. जंपर जिथे जेमतेम टेकलेला असतो तिथेच तापून लाल होतो, बाकीची तार थंड असते, हे आबांनी हजारदा पाहिलं असेल. तसंच आहे हे.

शॉक का बसत नाही? घरातल्या करंटची सेकंदाला ५० आवर्तनं. इथे सुमारे ४ लाख ८० हजार. एवढ्या वेगाला स्नायू आणि नसा दाद देत नाहीत. आर्सेन द’आर्सोनव्हाल या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९१ साली दाखवून दिलं की आवर्तनं दहा हजारांच्या वर नेली की स्नायू आकसत नाहीत, फक्त ऊब लागते. आबा रेडिओ ऐकत असतील तर आकाशवाणी पुणे ७९२ किलोहर्ट्झवर लागतं. काटा खाली खाली नेत पट्टी संपली, की तिथून थोडं पलीकडे ४८०. नावात ‘रेडिओ’ येतो तो इथून.

आणि एक. सुई स्वतः तापत नाही. टोकाभोवतीच्या पेशींमधले क्षारांचे कण त्या करंटमुळे जागच्या जागी थरथरतात, त्या घर्षणाने मांस आपलं आपण तापतं. उलट अनेक सुयांमध्ये पंपाने बर्फाचं पाणी फिरवत ठेवतात. कारण टोकाशी तापमान शंभराच्या वर गेलं तर मांसाचा कोळसा होतो, कोळशातून करंट जात नाही आणि पुढचा भाग कच्चाच राहतो. थोडक्यात, जाळायचं नसतंच. शिजवायचं असतं. अंड्यातला पांढरा भाग तव्यावर कसा घट्ट पांढरा होतो, तसं. साठ अंशाच्या वर पेशी जवळजवळ लगेच मरते.

रानजाई
“जाळायचं नसतंच, शिजवायचं असतं.” हे हॉस्पिटलात भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावायला हवं. निम्म्या लोकांची भीती तिथेच जाईल.

क्षकिरणी
मी इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट आहे, आरएफए स्वतः करते. तारायंत्र यांनी यंत्राचं सगळं नेमकं लिहिलंय. शेजारच्या उसाबद्दल मी लिहिते.

गाठ २.४ सेंटिमीटरची असली तरी आम्ही तेवढीच शिजवत नाही. चारही बाजूंनी निदान अर्धा सेंटिमीटर, जमलं तर एक, चांगलं लिव्हरही मुद्दाम शिजवतो. डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशी कडेला असतात. पाचट पेटवण्याआधी बांधालगतची पट्टी साफ करून घेतात ना, तसा हा पट्टा समजा. त्यापलीकडे उष्णता झपाट्याने उतरते. तीन सेंटिमीटरपर्यंतच्या गाठीला आरएफए सगळ्यात चांगलं लागू पडतं. गाठ त्याहून मोठी असेल तर एका सुईच्या आवाक्यात पूर्ण घेर येत नाही.

अडचण येते ती दोन जागी. गाठीला लागून तीन मिलिमीटरहून जाड रक्तवाहिनी असेल तर वाहतं रक्त उष्णता पळवून नेतं आणि तेवढी कड कच्ची राहू शकते. दुसरं, गाठ आतड्याला, पित्ताशयाला किंवा छाती-पोटामधल्या पडद्याला चिकटून असेल तर ते भाजायचा धोका. तेव्हा आम्ही मध्ये पाणी सोडून दोघांत अंतर पाडतो. हे पाणी सलाईनचं नसतं, ग्लुकोजचं असतं, ५ टक्के डेक्स्ट्रोज. मिठाच्या पाण्यातून करंट जातो, साखरेच्या पाण्यातून जात नाही. हे आबांना नक्की सांगा, त्यांना पटेल.

भूल पूर्ण देतात किंवा गाढ गुंगी. एका ठिकाणी एकदा करंट साधारण १२ मिनिटं. सुई काढतानासुद्धा थोडा करंट चालू ठेवून तिची वाट शिजवत बाहेर येतो, म्हणजे रक्त थांबतं आणि पेशी वाटेत सांडत नाहीत. नंतर चार-पाच दिवस बारीक ताप, अंग मोडून येणं, उजव्या खांद्यात दुखणं असं होऊ शकतं. ताप १०१ च्या वर चढला किंवा आठवड्यानंतरही राहिला, तर मात्र घरी थांबायचं नाही.

शेवटचं, आणि हे लिहून ठेवा. महिन्याने सीटी होईल. त्यात ‘गाठ’ आधीपेक्षा मोठी दिसेल. रिपोर्टवर २.४ च्या जागी साडेतीन-चार सेंटिमीटर लिहिलेलं असेल. घाबरू नका. तो शिजवलेला सगळा भाग आहे. बघायचं असतं ते हे, की त्यात कुठे रक्त खेळतंय का. रिपोर्ट हातात पडल्यावर रडत फोन करणारे नातेवाईक मला दर महिन्याला भेटतात. चूक आमची असते, आम्ही आधी सांगायला हवं.

सह्यकडा
सगळ्यांचा मान राखून वेगळं लिहितो. माझ्या थोरल्या भावाचं हेच झालं होतं. सुई लावली, सगळे खूश, चौदा महिन्यांनी त्याच जागी कडेला पुन्हा आलं. मग दुसऱ्यांदा सुई. शेवटी सर्जरी झालीच. आधीच कापलं असतं तर ते दीड वर्ष वाचलं असतं असं मला आजही वाटतं. जे काढायचं ते बाहेर काढून टेबलवर ठेवलेलं बरं. निदान पॅथॉलॉजीत कड तपासून मिळते. सुईत ती कड कोण तपासणार?

क्षकिरणी
@सह्यकडा, तुमचा मुद्दा खरा आहे आणि मी तो खोडणार नाही. त्याच जागी परत येण्याचं प्रमाण आरएफएत सर्जरीपेक्षा जास्त आहे. लिव्हर बाकी धड असेल, प्रकृती ठणठणीत असेल तर मीही कापायलाच सांगते.

पण सिरॉसिसचं लिव्हर कापणं म्हणजे आधीच ओढाताणीने चाललेल्या घरातली एक खोली पाडणं. उरलेल्या लिव्हरला भार झेपला नाही तर पोटात पाणी, कावीळ आणि पुढचं सगळं. म्हणून ‘कापायचं की शिजवायचं’ हे गाठीवर कमी आणि उरलेल्या लिव्हरवर जास्त ठरतं. शिवाय या लिव्हरमध्ये दुसऱ्या जागी नवी गाठ उगवू शकते, ती सर्जरीनंतरही उगवते. आरएफए पुन्हा करता येतं. लिव्हर पुन्हा पुन्हा कापता येत नाही. तुमच्या भावाचं लिव्हर सिरॉसिसचं होतं का?

सह्यकडा
नव्हतं. मोठ्या आतड्यातून पसरलेली गाठ होती. म्हणजे तुलना थोडी चुकली माझी. तरी धागाकर्तीने सर्जनला समोरासमोर “का नको?” हे एकदा विचारावंच.

भुईकमळ
मी मेळघाटात आरोग्य केंद्रावर काम केलंय. ‘जाळणं’ या शब्दावरून लिहिल्याशिवाय राहवत नाही. तिकडे बाळाचं पोट फुगलं की तापलेल्या विळ्याने पोटावर डाग द्यायची जुनी चाल आहे, डंबा म्हणतात. पोटावर ओळीने व्रण असलेली बाळं मी हातात घेतली आहेत. त्या भागातल्या आजीला “नातवाची गाठ जाळून टाकू” म्हटलं तर तिच्या डोळ्यांपुढे विळाच येणार. एका मावशींना गर्भाशयाच्या मुखाची तपासणी करून ‘जाळायचं’ सांगितलं होतं, त्या रात्रीत वॉर्डातून निघून गेल्या. आपण शब्द जपून वापरायला हवेत, ही कळकळीची विनंती.

अमरकोशी
संस्कृत शिकवतो, वैद्य नाही. पण सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात बारावा अध्याय सबंध अग्निकर्मावर आहे. कोणत्या ठिकाणी तापवलेली शलाका वापरावी, कुठे मध, तूप-तेल असं उष्णता धरून ठेवणारं द्रव्य वापरावं, असा तपशील दिलाय. अग्नीने बरे केलेले रोग पुन्हा उद्भवत नाहीत असंही म्हटलंय. मूळ कल्पना आपल्याकडे होतीच.

तारायंत्र
@अमरकोशी, अध्याय वाचनीय आहे, पण ही कल्पना ती नव्हे. शलाका बाहेर तापवून टेकवली तर वरची कातडी आधी भाजते आणि खोल जाता जाता उष्णता संपते. इथे सुई थंड असते आणि उष्णता आत, हवी तिथे जन्मते. वाटेतली कातडी, स्नायू, चांगलं लिव्हर सगळं सुरक्षित. सुश्रुतांच्या नजरेतलं बारकाईचं निरीक्षण मोठं आहे, त्याला विजेचा आधार द्यायची गरज नाही.

अमरकोशी
मान्य. फरक समजला. ‘उष्णता आत जन्मते’ हे मला माहीत नव्हतं.

जुनी पानं
मधला दुवा मी जोडते. बोस्टनमध्ये हार्वी कुशिंग नावाचे मेंदूचे सर्जन होते. मेंदूतल्या गाठी काढताना रक्त थांबत नसे म्हणून कित्येक ऑपरेशनं अर्धवट सोडावी लागत. विल्यम बोव्ही या शास्त्रज्ञाने उच्च आवर्तनांचं यंत्र बनवलं आणि १ ऑक्टोबर १९२६ रोजी कुशिंग यांनी ते पहिल्यांदा वापरलं. रक्तस्रावामुळे आधी सोडून दिलेली डोक्यातली गाठ त्यांना पुढे नेता आली. आज प्रत्येक ऑपरेशन थिएटरात रक्त थांबवायला जी विजेची कॉटरी असते तिचं मूळ ते. लिव्हरसाठी बाहेरून सुई घालून हेच करायची कल्पना १९९० साली इटलीत आणि अमेरिकेत दोन गटांनी स्वतंत्रपणे मांडली.

माळरान
रिटर्नच्या पॅडबद्दल लिहायलाच हवं. माझ्या चुलत बहिणीचं आरएफए झालं, गाठ व्यवस्थित गेली, पण मांडीवर पॅडच्या वरच्या कडेला हाताच्या बोटाएवढा लांब भाजल्याचा पट्टा उठला. पॅडची एक बाजू घामाने सुटली होती म्हणे. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. तो पट्टा भरायला दोन महिने गेले, रोजचं ड्रेसिंग, आणि बिचारी म्हणायची, “पोटातलं दुखणं विसरले, मांडी विसरू देत नाही.” आम्हाला कुणी आधी शब्दानेही सांगितलं नव्हतं. आबांनी रिटर्न विचारला ते फार योग्य केलं.

पांढरी साडी
मी ठाण्यात ओटी सिस्टर आहे, सव्वीस वर्षं. माळरान, तुमच्या बहिणीचं वाचून वाईट वाटलं. पॅड लावणं हे काम ‘कुणीही लावेल’ म्हणून सोडलं जातं, तिथे घात होतो.

आम्ही काय करतो ते लिहिते. मांडीवरचे केस आधी काढायचे. कातडी कोरडी पुसायची, तेल-पावडर काही नको. पॅड दोन्ही मांड्यांवर समोरासमोर, सुईपासून सारख्याच अंतरावर, आणि लांब बाजू सुईकडे तोंड करून. करंट पुढच्या कडेला जास्त गोळा होतो, कड जितकी लांब तितका तो पसरतो. मग तळहाताने पूर्ण दाबून घ्यायचं, एकही बुडबुडा राहता कामा नये. मध्ये मध्ये चादर वर करून मी हात लावून बघते. मशीन काय सांगतं ते सांगू दे, माझा हात खोटं बोलत नाही.

पायात जुनी सळई-स्क्रू असतील तर आधी सांगा. दागिने सगळे काढायचे. बायकांची जोडवी वर्षानुवर्षं बोटात रुतलेली असतात आणि काढायला सांगितलं की डोळ्यांत पाणी येतं. मी साबणाचं पाणी घेऊन बसते, हळूहळू काढते, रुमालात बांधून त्यांच्या मुलीच्या हातात देते. घाई करत नाही.

रानजाई
सिस्टर, तुम्हाला सलाम.

घाटवाट
माझ्या सासऱ्यांना पेसमेकर आहे. त्यांना हे चालतं का?

क्षकिरणी
@घाटवाट, चालू शकतं, पण आधी सांगणं अत्यावश्यक. हृदयाचे डॉक्टर पेसमेकर तपासून त्याचं सेटिंग तात्पुरतं बदलतात आणि करंटची वाट पेसमेकरजवळून जाणार नाही असे पॅड लावतो. काही वेळा आम्ही मायक्रोवेव्ह वापरतो. त्यात करंट शरीरातून पॅडकडे जात नाही, त्यामुळे पॅडही लागत नाहीत.

धडधड
विषय लिव्हरचा आहे, पण याच करंटने माझं आयुष्य सुधारलं म्हणून लिहिते. वयाच्या एकोणिसाव्या वर्षापासून मला अचानक धडधड व्हायची. मिनिटाला १९० ठोके. परीक्षेत, बसमध्ये, लग्नाच्या मंडपात. “टेन्शन घेतेस” हे इतकं ऐकलं की मला खरंच तसं वाटायला लागलं होतं. एकदा धडधड चालू असतानाच ईसीजी सापडला आणि कळलं की हृदयात विजेची एक जादा वाट आहे, ठोका तिच्यातून गोल गोल फिरतो.

जांघेतून तारा हृदयापर्यंत नेल्या. मी जागी होते. डॉक्टर म्हणाले, “आता आम्ही मुद्दाम धडधड सुरू करतोय, आली की सांगा.” आली! बारा वर्षांत पहिल्यांदाच माझी धडधड आणखी कुणीतरी पडद्यावर बघत होतं. मग त्या जागेवर मिनिटभर करंट, छातीत थोडी जळजळ, पुन्हा सुरू करून बघितली, आली नाही. अर्धा तास थांबून पुन्हा बघितली, आली नाही. दुसऱ्या दिवशी घरी. सात वर्षं झाली. टेबलवरच रडले होते, त्या टेक्निशियन ताईंनी डोळे पुसले, माझे हात बांधलेले होते ना.

न्यूजर्सीकर
@धडधड, अगदी अगदी! माझ्या नवऱ्याला एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचे ठोके बेताल पडतात. त्याचं गेल्या वर्षी ॲब्लेशन झालं ते मात्र उष्णतेने नाही. पल्स्ड फील्ड म्हणतात. इथे डिसेंबर २०२३ मध्ये पहिल्या यंत्राला मान्यता मिळाली. अतिशय छोटे, जोरदार विजेचे झटके देतात आणि पेशीच्या पडद्याला भोकं पडून ती मरते. हृदयाच्या मागेच अन्ननलिका असते, उष्णतेने ती भाजायची भीती, इथे ती भीती बरीच कमी.

तारायंत्र
हो, आणि हीच युक्ती लिव्हर-स्वादुपिंडाच्या गाठींना वापरतात त्याला आयआरई (इर्रिव्हर्सिबल इलेक्ट्रोपोरेशन) म्हणतात. दोन-तीन हजार व्होल्ट, पण एकेक झटका सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाएवढा किंवा त्याहून छोटा. रक्तवाहिन्या आणि पित्तनलिका यांचा सांगाडा शाबूत राहतो, म्हणून क्षकिरणी म्हणाल्या तशा वाहिनीला चिकटलेल्या गाठींना त्याचा विचार होतो. स्नायू मात्र जोरात उडतात, त्यामुळे पूर्ण भूल आणि स्नायू सैल करणारं औषध लागतं, आणि झटका हृदयाच्या ठोक्याशी ताल जुळवूनच देतात.

ओवी
सासूबाईंच्या अर्ध्या चेहऱ्यात वीज चमकल्यासारखी कळ यायची. वाऱ्याची झुळूक गालाला लागली तरी. दाताचं समजून दोन दाढा काढल्या. शेवटी नस निघाली. गालातून सुई घालून तीच नस या करंटने शेकली. मध्येच गुंगीतून उठवून “कुठे मुंग्या येताहेत?” विचारतात, जागा बरोबर आहे ना हे कळायला. आता गाल बधिर आहे, पण त्या भाकरी चावून खातात.

हिशोबी
खर्चाचं कुणीच बोललं नाही. अंदाजपत्रक मागताना सुईचा खर्च वेगळा लिहून घ्या, खर्चातला मोठा वाटा तिचाच असतो. सीलबंद सुई समोर फोडायला सांगा आणि स्टिकर फाइलला लावून घ्या. महात्मा फुले योजनेत बसतं का ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला ॲडमिट होण्याआधी विचारा, नंतर धावपळ होते.

सोनसावरी
एक राहिलं. ताई, हिपॅटायटिस बी घरातल्या घरात पसरू शकतो. तुमची, भावंडांची, आईची तपासणी आणि लस झाली आहे ना?

कृष्णाकाठची
सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. @सोनसावरी, आई आणि माझी झाली होती, भावाची राहिली होती, काल त्याला लॅबमध्ये पाठवलं.

काल रात्री जेवणं झाल्यावर आबांना सगळा धागा वाचून दाखवला. तारायंत्र यांचं उत्तर दोनदा वाचायला लावलं. साखरेच्या पाण्यावर म्हणाले, “हे बरोबर. मीठ टाकलं की करंट खेचतंय.” पॅडचं ऐकून बराच वेळ स्वतःच्या मांडीवर तळहात ठेवून बसले. मग तिसरा प्रश्न आला : “चालू असताना पॅड निघाला, तर ट्रिप होतं का?”

तारायंत्र
होतं. मशीन सतत रोध मोजत असतं, पडद्यावर ओहमचे आकडे दिसत राहतात. पॅड पूर्ण सुटला की आकडा उडी मारतो आणि करंट तोडला जातो. पण अर्धवट सुटलेला पॅड काही वेळा पकडला जात नाही, माळरान यांच्या बहिणीचं बहुधा तेच झालं. म्हणून सिस्टरांचा हात मशीनपेक्षा मोठा.

कृष्णाकाठची
वाचून दाखवलं. आबा म्हणाले, “आता खरं बोलला माणूस.” सोमवारी सर्जनला भेटतोय, सह्यकडा दादांचा प्रश्न विचारणार आहे.

कृष्णाकाठची (सात आठवड्यांनी)
धागा वर काढतेय, कारण बऱ्याच जणांनी विपूत (विचारपुशीत) विचारलं.

सर्जननी पंधरा मिनिटं दिली. प्लीहा वाढलेली आहे, प्लेटलेट कमी आहेत, म्हणजे लिव्हरच्या रक्तवाहिनीत दाब वाढलाय, कापलं तर उरलेल्या लिव्हरचा भरवसा देत नाही, असं कागदावर चित्र काढून सांगितलं. आबांनी त्या कागदाची घडी करून खिशात ठेवली. अजून त्यांच्या पाकिटात आहे.

आरएफए झालं. आत नेण्याआधी आबांनी सिस्टरना सांगितलं, “पॅडची लांब बाजू वर घ्या, आणि मध्ये मध्ये हात लावून बघा.” त्या हसल्या, म्हणाल्या, “काका, तुम्ही कुठल्या थिएटरात होता?” आबा म्हणाले, “विद्युत मंडळ.” बाहेर आले तेव्हा मांडीवर चौकोनी गुलाबी खूण होती, संध्याकाळपर्यंत गेली. चार दिवस बारीक ताप, खांदा दुखला. पाचव्या दिवशी चहा मागितला, तेव्हा आई स्वयंपाकघरात जाऊन रडली.

महिन्याचा सीटी परवा झाला. लिफाफा मी उघडला, ३.८ सेंटिमीटर. हा धागा वाचला नसता तर तिथेच खाली बसले असते. @क्षकिरणी, मी पुढची ओळ शोधली. आत कुठेही रक्तपुरवठा नाही, कड पूर्ण. पुढचा सीटी तीन महिन्यांनी. हिपॅटायटिसची गोळी चालूच राहणार. भावाचा रिपोर्ट निगेटिव्ह आला, लसीचा पहिला डोस घेतलाय.

आबांनी विचारायला सांगितलंय, तारायंत्र दादा : ती बर्फाच्या पाण्याची सुई वापरून झाली की तिचं काय करता, आणि उघडून बघायला मिळेल का?

तारायंत्र
वापरलेली सुई नष्टच करावी लागते, ती देता येणार नाही. पण आमच्याकडे कंपनीने दाखवण्यासाठी दिलेली एक कापलेली सुई आहे, आतल्या दोन नळ्या दिसतात. पुण्यात आलात की कळवा. आबांसाठी काढून ठेवतो.